अंडी फुटली, पण पुढे? बेळगाव सीमाभागातल्या एका जलाशयाच्या मत्स्यबीजाचं प्रकरण

या प्रकरणातल्या गावाचं आणि मच्छीमार सोसायटीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून जलाशयाचे आकडे ढोबळ ठेवले आहेत. बीजोत्पादनाची तांत्रिक प्रमाणं मात्र देशभर कार्प, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या, माशांसाठी वापरतात तीच आहेत. सोसायटीला सल्ला देणाऱ्यांपैकी मी एक होतो. सल्ला ऐकायचा की नाही, हे सोसायटीची सभा ठरवत असे, आणि कित्येकदा तिने तो ऐकला नाही. ते का ऐकलं नाही, हेही या लेखनात आलं पाहिजे.

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम पट्टा पाण्याने श्रीमंत आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, चंदगडच्या डोंगरातून येणारी घटप्रभा, राकसकोपला अडवलेली मार्कंडेय या मोठ्या नावांच्या आसपास पाटबंधाऱ्यांचे लहान तलाव पुष्कळ आहेत. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची क्षमता 51 टीएमसी. त्याच्या मानाने आपला जलाशय अगदीच छोटा. भर पावसात त्याचा पसारा 200 हेक्टरांच्या आसपास असतो. मे महिन्यात तो चाळीसेक हेक्टरांवर येतो आणि मधोमध बुडालेल्या जुन्या रस्त्याची फरशी उघडी पडते. 1,000 हेक्टरांपेक्षा कमी पसाऱ्याच्या जलाशयाला सरकारदरबारी ‘लहान’ म्हणतात, त्या वर्गातला हा.

सोसायटीचे सभासद म्हणजे काही पिढीजात भोई कुटुंबं आणि धरणात जमीन गेल्यावर जाळं हातात घेतलेले काही शेतकरी. बोलणं सगळं मराठीत, ठराव आणि अर्ज कन्नडमध्ये. सेक्रेटरी कन्नड शाळेत शिकलेला, त्यामुळे खात्याचा कागद आला की सभा थांबायची आणि तो वाचून मराठीत सांगेपर्यंत चहा व्हायचा. चेअरमनना सगळे अण्णा म्हणत. गोल टोपलीसारख्या होड्यांतून संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे काढायची, आणि बायकांनी पाट्या घेऊन आठवडी बाजार गाठायचा, असं इथलं चक्र.

दर पावसाळ्यात जलाशयात बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं जाई: कटला, रोहू, मृगळ. हे तिन्ही मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. दक्षिणेतल्या साठलेल्या पाण्यात ते छान वाढतात, पण त्यांची वीण वाहत्या, पुराच्या पाण्यात होते. त्यामुळे अशा तलावात त्यांची पैदास आपोआप होईल असं धरून चालत नाही. जेवढं सोडाल त्यातून जगेल तेवढंच. हा धागा धरून ठेवावा, कारण पुढचे सगळे वाद त्यातूनच निघाले.

अडचण

वर्षानुवर्षं बीज सोडूनही जाळ्यात कटला-रोहू फारसे येत नव्हते. येत होती ती चिलापी, म्हणजे तिलापिया, आणि बारीक देशी मासळी. चिलापी पोट भरायला ठीक, पण बाजारात तिला कटल्याचा भाव नाही. सभासदांचा ठाम समज होता की बीजच खराब येतं, आणि मोजणीत मारतात. मोजणीचा संशय सगळा खोटा नव्हता. बीज वाटीने मोजतात: एका वाटीत किती पिल्लं बसतात ते एकदा मोजायचं आणि मग वाट्या मोजायच्या. ती पहिली वाटी कोण भरतो आणि पाणी किती निथळू देतो, यावर आकडा बराच हलतो.

पण मोजणी चोख केली तरी मासे वाढले नसते. सोडण्याच्या नोंदी आणि सांडव्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा दुसरंच चित्र दिसलं. बीज जुलैच्या अखेरीस सोडलं जाई. पिल्लू इंचभराचं. ऑगस्टमध्ये सांडवा वाहू लागे आणि पुढे कित्येक आठवडे वाहत राही. इंचभर पिल्लाला त्या ओढीला तोंड देता येत नाही. ते सांडव्यावरून खाली ओढ्यात जातं. जे राहतं त्याला मरळ, वाम आणि पाणकावळे गाठतात. म्हणजे सोसायटी दरवर्षी खालच्या गावांच्या ओढ्यांत बीज सोडत होती आणि वरच्या मरळींना चारत होती. खालच्या गावातली पोरं सप्टेंबरात पुलाखाली पाग टाकून कटल्याची पिल्लं धरायची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा संबंध मात्र कुणी जोडला नव्हता.

सोडण्याची पद्धतही बघण्यासारखी होती. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या रात्री निघून पहाटे पोचत. पण पाहुणे अकरा-बाराला येत, हार-नारळ होई, फोटो होत आणि मग भर उन्हात पिशव्या फाडून पिल्लं थेट पाण्यात ओतली जात. पिशवीतलं पाणी आणि तलावातलं पाणी यांच्या तापमानातला फरक पिल्लाला झटका देतो. पिशवी आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचं, ही साधी रीत. ती कार्यक्रमपत्रिकेत बसत नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तेच बीज, पण चांगल्या ठिकाणाहून आणायचं. दुसरा, इंचभर पिल्लाऐवजी बोटुकली विकत घ्यायची, म्हणजे 80 ते 100 मिलीमीटरचं, बोटाएवढं पिल्लू. जलाशयात सोडायला एवढंच मोठं पिल्लू योग्य, असं मत्स्यशास्त्र सांगतं. पण बोटुकली महाग, आणि वाहतूक त्याहून महाग: ज्या पिशवीत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून निघालेली तीन दिवसांची बारीक पिल्लं, पंचवीस ते पन्नास हजार मावतात, तिच्यात बोटुकली शे-दोनशेच्या वर घालता येत नाही. तिसरा पर्याय, मत्स्यजिरे बाहेरून आणून इथल्या तळ्यांत वाढवायची. चौथा, स्वतःची हॅचरी, म्हणजे माशांची वीण करून अंडी फुटवण्याचं केंद्र.

पाचवा पर्याय सभेत अचानक आला. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सभासद उत्तरेत असताना कुल्लूजवळच्या पतलीकुहलचं ट्राउट केंद्र बघून आले होते. त्यांनी विचारलं, “आमच्यात ट्राउट का नको? हाटेलवाले घेतील की.” प्रश्नाला हसू आलं तरी उत्तर नीट द्यायला हवं होतं. ट्राउट आणि सॅमन ही थंड पाण्याची जात. ट्राउटला वीस अंशांच्या खालचं, सतत वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. दक्षिणेत इंग्रजांनी ती निलगिरीच्या उंच पठारावर रुजवली, ती तिथल्या थंडीमुळे. आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात त्या मर्यादेच्या खूप वर जातं. शिवाय ट्राउट आणि कार्प यांच्या हॅचरीचं कामही वेगळं. ट्राउटच्या मादीचं पोट हाताने दाबून अंडी काढतात, नराचं वीर्य मिसळतात आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. दहा अंशांच्या पाण्यात ती फुटायला महिनाभर लागतो. कार्पचं अंडं 27-28 अंशांना चौदा ते अठरा तासांत फुटतं.

पण त्याच सभासदांनी पुढे जे सांगितलं ते त्या दिवसाचं सगळ्यात कामाचं वाक्य होतं. “तिथं अंडी फुटली म्हणून कोण नाचत नव्हतं सर. पिल्लू टाक्यांत म्हयनं म्हयनं ठेवत होते. मोठं झालं की मगच बाहेर.” ट्राउट-सॅमनच्या हॅचऱ्या जिथे जलाशयांसाठी मासे तयार करतात तिथे हाच हिशेब चालतो: जगण्याएवढं मोठं करून सोडा, काही ठिकाणी तर गळाला लागण्याएवढं. मासा आपल्या कामाचा नव्हता, पण त्यामागचा विचार होता.

मग फळ्यावर उलटा हिशेब मांडला. जलाशयाचा सरासरी पसारा धरला 120 हेक्टर. लहान जलाशयात हेक्टरी हजार ते दोन हजार बोटुकली सोडायची शिफारस असते; आपण खालचा आकडा घेतला. म्हणजे हव्यात 1,20,000 बोटुकली. इंचभर पिल्लांपैकी साठ टक्के बोटुकली होतात असं धरलं, तर पिल्लं लागतात 2,00,000. मत्स्यजिऱ्यांपैकी तीस-पस्तीस टक्के त्या पिल्लापर्यंत पोचतात, म्हणून मत्स्यजिरे लागतात सहा लाखांच्या आसपास. रोहूची मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. काही अंडी फळत नाहीत, काही फुटत नाहीत, हे सगळं वजा केलं तरी अख्ख्या जलाशयाची वर्षाची गरज दोन-दोन किलोच्या मोजक्या माद्या भागवतात. बाहेरून आणायचं म्हटलं तर ती सहा लाख मत्स्यजिरे एका जीपमध्ये येतात.

जागेचा हिशेब मात्र नेमका उलट. सहा लाख मत्स्यजिऱ्यांना पहिले पंधरा-वीस दिवस बारा-पंधरा गुंठे तळं पुरतं. पण त्यातून निघालेल्या दोन लाख पिल्लांना बोटुकली होईपर्यंत दोन एकर पाणी लागतं, तेही दोन-तीन महिने. अडणार होतं ते तळ्यांशी. सभेला हे पटलं. तरी सभेने हॅचरीच ठरवली.

निर्णय आणि त्याची कारणं

याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. कारणं तशी नव्हती. केंद्राची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली होती. तिच्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के अनुदान मिळत होतं. हॅचरीचा नकाशा, अंदाजपत्रक, मापं सगळं तयार असे. पिल्लं वाढवायच्या संगोपन तळ्यांनाही मदत मिळत होती, पण त्यासाठी जमीन लागे, आणि सोसायटीकडे बांधाखालचा जेमतेम पाऊण एकराचा तुकडा होता. त्यावर हॅचरी आणि एक तळं बसत होतं. शिवाय हॅचरी दिसते. अण्णांची निवडणूक तोंडावर होती, आणि ‘मीनु मरी’ (कन्नडमध्ये माशाचं पिल्लू) केंद्राची पाटी लागणं याला गावात वजन होतं. आसपासचे चार तलाव आपल्याकडून मत्स्यजिरे घेतील, ही आशाही खोटी नव्हती.

माझ्या मते इथे एक मधला रस्ता सुटला. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने फायबरची, उचलून ठेवता येणारी कार्प हॅचरी तयार केली आहे. ती एका खेपेला दहा-बारा लाख मत्स्यजिरे देते, म्हणजे आपल्या गरजेच्या जवळपास दुप्पट. ती घेतली असती तर जागा वाचली असती. पण सिमेंटचं गोल टाकं मजबूत आणि फायबर म्हणजे खेळणं, अशी भावना होती. चिनी पद्धतीची गोल हॅचरीच उभी राहिली: वर पाण्याची टाकी, खाली विणीचं कुंड, त्याला जोडून अंडी फुटण्याची दोन कुंडं.

पहिला पावसाळा: लोखंडाचं पाणी

तंत्र तसं जुनं आणि पक्कं आहे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी भारतीय कार्प माशांची प्रेरित वीण, म्हणजे संप्रेरक टोचून घडवलेली वीण, यशस्वी केली. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्यामुळेच. तेव्हा दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचत असत. आता ओव्हाप्रिमसारखं तयार औषध मिळतं: मादीला किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर, नराला त्याच्या निम्म्याच्या आसपास. संध्याकाळी टोचायचं, जोडी कुंडात सोडायची, पाण्याला गोल गती द्यायची; रात्रीतून अंडी पडतात.

अंडी पडली. पहाटे सगळे जमले होते, पेढे निघाले. दुपारपर्यंत अंड्यांवर तांबूस साय दिसू लागली आणि संध्याकाळी बहुतेक अंडी पांढरी पडून तळाशी बसली.

पाणी बोअरचं होतं. नळातून काचेसारखं येई, पण बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबडा गाळ बसे. इथल्या जांभ्या जमिनीत हे नवल नाही. पाण्यात विरघळलेलं लोह हवेला लागलं की गंजासारखं बाहेर पडतं आणि अंड्यांवर, पिल्लांच्या कल्ल्यांवर बसतं. आत प्राणवायू जाणं बंद. बोअरच्या पाण्यात मुळात प्राणवायूही कमी असतो. जागा निवडताना पाण्याचा नमुना तपासायला दिला होता, पण तो पिण्यायोग्यतेच्या तक्त्यावर. माणसाला जे पाणी चालतं ते अंड्याला चालेलच असं नाही, हे त्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

दुसरी खेप विजेने घालवली. कटला-रोहूसारख्या भारतीय कार्पची अंडी कुठे चिकटत नाहीत. पाणी पिऊन फुगतात आणि वाहत्या पाण्यात तरंगत फिरत राहतात. प्रवाह थांबला की तळाशी ढीग होऊन गुदमरतात. रात्री वीज गेली, वरच्या टाकीतलं पाणी संपलं आणि जनरेटरचं डिझेल दुपारीच कुणाच्या तरी उसाच्या पंपासाठी गेलं होतं. त्यावरून जे भांडण झालं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी जलाशयात पुन्हा बाहेरचं इंचभर बीज पडलं, पुन्हा जुलैमध्ये.

दुसरा पावसाळा: पिकलं, पण ठेवायचं कुठे

उन्हाळ्यात दुरुस्त्या झाल्या. बोअरचं पाणी पायऱ्यांवरून पाडून हवेशी खेळवायचं, मग वाळू-खडीच्या गाळणीतून घ्यायचं आणि एक दिवस निवळू द्यायचं. जमेल तेव्हा जलाशयाचं पाणी गाळून मिसळायचं. हे पाणी मऊ, क्षार कमी, म्हणून तळ्यात चुन्याची मात्रा ठरली. वरची टाकी मोठी केली, म्हणजे वीज गेली तरी रात्र निभावेल.

यंदा हॅचरी चालली, आणि फारच चालली. तिसऱ्या दिवशी पिल्लांची अन्नपिशवी शोषली गेल्यावर मत्स्यजिरे काढली, ती गरजेच्या कितीतरी पट निघाली. आणि तळं एकच. अण्णांना म्हटलं, तळ्याला झेपेल तेवढीच ठेवूया, बाकी विकूया. पण आसपासच्या सोसायट्यांनी त्यांचं बीज आधीच सांगून ठेवलं होतं. तयार मत्स्यजिरे दोन दिवसही थांबत नाहीत. शेवटी “टाकूया की, जगेल तेवढं जगेल” म्हणून सगळी एका तळ्यात गेली.

तिथे दोन गोष्टी घडल्या. गर्दीने प्राणवायू ओढला, हे एक. दुसरं म्हणजे पाणकिडे. शेण घालून तळं तयार केलं की त्यात बारीक जीव वाढतात, पिल्लांना खायला तेच हवे असतात. पण त्यांच्यामागोमाग उलटे पोहणारे किडे येतात आणि मत्स्यजिरे शोषून टाकतात. त्यावरचा उपाय जुना आहे: सोडण्याच्या आदल्या दिवशी तेल आणि साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरायचं, हेक्टरी 56 किलो तेल आणि 18 किलो साबण, म्हणजे गुंठ्याला साधारण अर्धा किलो तेल. तवंगामुळे किड्यांना वर येऊन हवा घेता येत नाही. तेल आणलेलं होतं. पाऊस आणि वारा असल्याने तवंग एका कडेला गेला, आणि पुन्हा मारायला वेळ नव्हता, कारण मत्स्यजिरे कुंडात वाट बघत होती.

पंधरा दिवसांनी जाळं ओढलं तेव्हा हाताला आलेलं बीज पाहून सभासद गप्प झाले. तात्या नावाचे सगळ्यात वयस्क भोई तेवढे बोलले. “पोरं जल्माला घातलीसा, पाळणा कुठं बांधलासा?”

तिसऱ्या वर्षीचा फेर

इथून प्रकरण वळलं. दोन एकर पाणी हवं होतं आणि सोसायटीकडे जमीन नव्हती. खरीपात भाताची खाचरं भाड्याने घ्यावीत, ही पहिली सूचना. खाचरच का? तर जांभी जमीन पाणी धरत नाही, नुसता खड्डा काढला की झिरपून जातं. पण वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या खाचराच्या तळाला घट्ट थर बसलेला असतो. बांध उंच केला की तळं तयार. बांधाखालच्या खाचरांना धरणाचा पाझरही मिळतो.

शेतकरी तयार होईनात. भाड्याच्या रकमेवर अडलं नव्हतं. कागदावर दुसऱ्याचा ताबा लिहिला की कूळ लागेल, ही भीती इथे वडिलांपासून चालत आलेली. सोसायटी सभासदांचीच, तरीही.

तोडगा एका सभासदाच्या बायकोने काढला. त्या स्वतः मासे विकायच्या, महिला संघाचा हिशेब लिहायच्या. त्यांचं म्हणणं असं: जमीन भाड्याने घेऊच नका. मत्स्यजिरे सोसायटीने द्यायची, शेतकऱ्याने आपल्याच खाचरात वाढवायची आणि दसऱ्यानंतर बोटुकली सोसायटीने नगावर विकत घ्यायची. लहान असेल तर घ्यायचीच नाही. जमीन ज्याची त्याची, जोखीम वाटून.

मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात नव्हता. मापाचा प्रश्नही त्यातच सुटला. चार इंचांची खूण केलेली लाकडी पट्टी ठरली. मूठभर नमुना पट्टीवर ठेवायचा, खुणेपर्यंत न पोचलेलं पिल्लू परत खाचरात. पैसे लांबीला मिळणार म्हटल्यावर खाचरवाले शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा वेळेवर टाकू लागले, बगळ्यांसाठी दोऱ्या बांधू लागले. हॅचरीवर मत्स्यजिरेही मोजकीच, तीन टप्प्यांत काढली, म्हणजे किडे मारून खाचर तयार होईल तसतसं बीज.

चार शेतकऱ्यांपैकी एकाचा बांध जुलैच्या पावसात फुटला आणि बीज ओढ्याला गेलं. त्याचं नुकसान कुणी सोसायचं यावर करारात ओळ नव्हती. सोसायटीने पुढच्या वर्षीची मत्स्यजिरे फुकट देऊन भागवलं. त्याच्या गेलेल्या भातपिकाचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

सोडण्याची वेळ बदलणं याहून अवघड गेलं. सांडवा थांबल्यावर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी, पाहुण्यांविना सोडायचं, असं ठरलं. नाराजी झाली, मग बीज सोडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक हंडीभर बोटुकली पाहुण्यांच्या हस्ते सोडण्याची सोय केली. फोटो झाले. कालव्याच्या तोंडाला जाळी लावायची विनंती पाटबंधारे विभागाने नाकारली. पालापाचोळा अडकून कालवा तुंबेल हे त्यांचं म्हणणं रास्त होतं.

जाळ्याच्या डोळ्यावरही वाद झाला. किलोभर होण्याआधी कटला धरायचा नाही, बारीक डोळ्याची जाळी बंद, असा ठराव आला तेव्हा रोजच्या पकडीवर जगणारी घरं उठून उभी राहिली. त्यांचं खरं होतं: कटला पुढच्या वर्षी मोठा होईल, पण चूल आजची आहे. शेवटी जलाशयाचा एक फाटा चिलापीसाठी मोकळा ठेवला. तिथे बारीक जाळं चालेल, चुकून कटला आला तर सोडून द्यायचा. तो दर वेळी सोडला जातो असं कुणीच म्हणत नाही.

निष्पत्ती

पुढच्या दोन हंगामांत जाळ्यात कटला-रोहूचं प्रमाण स्पष्ट वाढलं. बाजारात बायका चिलापीच्या पाटीशेजारी कटला कापून विकू लागल्या. याचं सगळं श्रेय मोठ्या बोटुकलीला देता येत नाही. त्यातल्या एका वर्षी तलाव उन्हाळ्यातही फारसा आटला नाही, आणि जास्त पाणी राहिलं की मासा असाही वाढतो. पण खालच्या पुलाखाली पाग टाकणाऱ्या पोरांना सप्टेंबरात कटल्याची पिल्लं मिळेनाशी झाली. मला यापेक्षा सरळ पुरावा नको.

हॅचरी वर्षातले काही आठवडे चालते. मत्स्यजिऱ्यांची विक्री थोडी जमली, पण प्रजनक, म्हणजे विणीसाठी राखलेले, मासे वर्षभर सांभाळण्याचा खर्च, औषध, डिझेल धरलं तर स्वतःची मत्स्यजिरे विकतच्या मत्स्यजिऱ्यांपेक्षा स्वस्त पडत नाहीत. हातात असतात आणि हव्या त्या दिवशी मिळतात, हा फायदा खरा आहे. तीन टप्प्यांत बीज देणं त्यामुळेच शक्य झालं. हिवाळ्यात विणीच्या कुंडात जाळी वाळत घातलेली असतात.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. पहिल्या वर्षी मत्स्यजिरे विकत आणून खाचरांत वाढवून बघायला हवी होती. त्याला अनुदान लागलं नसतं, आणि दोन एकर तळ्याची व्यवस्था जमते की नाही ते एका पावसाळ्यात कळलं असतं. ती जमली असती तर हॅचरीचा आकारही त्याच्या मापाने ठरला असता.

पाण्याची चाचणी मत्स्यबीजाच्या निकषांवर, लोह, क्षार आणि प्राणवायू धरून, खोदकामाआधी व्हायला हवी. बादलीत रात्रभर पाणी ठेवून तळ बघणं ही चाचणी तर फुकट आहे.

करारात बांध फुटल्याची, विजेची आणि मेलेल्या बीजाची ओळ हवी. आता ती घातली आहे, तरी भातपिकाच्या भरपाईवर एकमत नाही.

एक गोष्ट अजून कुणी मनावर घेतलेली नाही. प्रजनक मासे त्याच त्याच साठ्यातून निवडले जातात, आणि कधी घाईत कटला-रोहू एकाच कुंडात विणीला सोडले जातात. पहिल्यातून जवळच्या नात्यात वीण होते, दुसऱ्यातून संकर होतो, आणि काही पिढ्यांत बीजाची वाढ खालावते. आज दिसत नाही म्हणून ते पुढे ढकललं जातं. दर काही वर्षांनी खात्रीच्या केंद्रातून नवे प्रजनक आणणं आणि जाती वेगळ्या कुंडांत ठेवणं एवढाच उपाय आहे. खर्च आहे, पण हॅचरी ठेवायची तर तो टाळता येणार नाही.

येत्या वार्षिक सभेपुढे दोन ठराव आहेत. अण्णांना अंडी फुटण्याचं तिसरं कुंड हवं आहे, म्हणजे विक्रीसाठी जास्त मत्स्यजिरे निघतील. महिला संघाचा ठराव आणखी तीन खाचरं जोडण्याचा आणि बांध फुटीसाठी सोसायटीच्या नफ्यातून वेगळी रक्कम बाजूला काढण्याचा आहे. पैसा एकाच कामाला पुरेल एवढा आहे. माझं मत दुसऱ्या ठरावाच्या बाजूने लेखी दिलं आहे. मतदानाचा हक्क मला नाही.